अक्कोचा दिनार

नाणं सोन्याचं, अक्षरं अरबी आणि मधोमध क्रूस. पहिल्यांदा पाहणारा इथंच अडखळतो. मजकूर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या एकत्वाचा आहे, टांकसाळीचं गाव अक्को, आणि साल मसीहाच्या अवतारापासून मोजलेलं : १२५१. आज इस्रायलमध्ये असलेलं हे बंदर तेव्हा जेरुसलेमच्या लॅटिन राज्याची राजधानी होतं. दिनार पाडणारे होते क्रुसेडर, म्हणजे इस्लामी सत्तांशी लढायला युरोपातून आलेल्यांचे वारस.

हा दिनार ओळखणं सोपं आहे, कारण तो स्वतःच आपली ओळख सांगतो. कठीण आहेत ते त्याचे पूर्वज. क्रुसेडरांनी त्याआधी सव्वाशे वर्षं जे सोनं पाडलं, त्यावर क्रूस नव्हता, ख्रिस्ताचं नावही नव्हतं. त्यावर अल्-आमिर किंवा अल्-मुस्तन्सिर या इजिप्तच्या फातिमी खलिफांची नावं होती, कलमा होता. बाजाराला ओळखीचं नाणं लागतं. मराठ्यांच्या टांकसाळींतून आणि कंपनीच्या मुंबईतूनही मुघल बादशहाच्या नावाचे रुपये पडत होते, हे ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला याचं फारसं नवल वाटणार नाही. पण पुढच्या पिढ्यांचा घोळ त्यातूनच झाला. फातिमी म्हणून पेटीत ठेवलेला दिनार फातिमी नाहीच, हे कळायचं कसं?

पहिला पुरावा अक्षरांचा. साचा कोरणाऱ्याला अरबी वाचता येत नसावं. समोरच्या नाण्यावरच्या रेघा तो उचलतो, पण शब्द त्याच्या हातून निसटतो. टोकं गळतात, अक्षरं नुसती नक्षी होतात. दुसरा पुरावा धातूचा. फातिमी दिनार जवळपास शुद्ध सोन्याचा. नंतरच्या क्रुसेडर नकलांचा कस घसरत दोन-तृतीयांशाच्या आसपास येतो. ॲडॉन गॉर्डस आणि डी. एम. मेटकाफ या संशोधकांनी न्यूट्रॉनचा मारा करून, नाण्याला धक्का न लावता, हा कस तपासला. मला मात्र सगळ्यांत मोलाची वाटते ती इब्न खल्लिकान या तेराव्या शतकातल्या चरित्रकाराची नोंद : फ्रँकांनी, म्हणजे क्रुसेडरांनी, ११२४ मध्ये टायर शहर घेतलं आणि पुढं तीन वर्षं अल्-आमिरच्याच नावानं नाणी पाडली. शत्रूपक्षानं लिहून ठेवलेली ही साक्ष आहे, आणि अल्-आमिर ११३० पर्यंत गादीवर होता, म्हणजे काळही जुळतो.

मग १२५१ ला क्रूस आला कुठून? फ्रान्सचा राजा नववा लुई इजिप्तमध्ये पराभूत होऊन अक्कोला आला, त्याच्याबरोबर पोपचा प्रतिनिधी ओद द शातोरू होता. ख्रिश्चनांच्या टांकसाळीतून मुहंमदाच्या नावाची नाणी पडताहेत हे पाहून ओद संतापला आणि असं नाणं पाडणाऱ्यांना त्यानं बहिष्कृत केलं. पोप चौथा इनोसंट यानं १२५३ च्या पत्रात तो निर्णय कायम केला. त्यात अक्को आणि (आजच्या लेबनॉनमधलं) त्रिपोली या दोन टांकसाळींचा उल्लेख आहे. म्हणजे नकला कोण पाडत होतं, हे त्यांना बंद पाडू पाहणाऱ्यानंच लिहून दिलं! अक्कोच्या कारागिरांनी तोडगा काढला : अरबी तशीच ठेवली, धर्म बदलला. या दिनारांवरची अरबी वाचता येते, हे मला फार बोलकं वाटतं. या वेळी मजकुराला अर्थ असणं गरजेचं होतं.

हे धागे जुळवायला एकोणिसावं शतक उजाडलं. पॅरिसच्या आंरी लाव्वा यांनी १८७७ मध्ये क्रुसेडरांच्या अरबी नाण्यांवर स्वतंत्र अभ्यास छापला; लगेच पुढच्या वर्षी ग्युस्ताव श्लंबर्जे यांचा लॅटिन पूर्वेच्या नाण्यांवरचा मोठा ग्रंथ आला. पॉल बालोग आणि जाक इव्हों यांनी १९५८ मध्ये प्रकारवार यादी केली.

एखादं विशिष्ट नाणं कुणाकुणाच्या हातून गेलं, हा शोध मात्र याहून चिवट. हातोड्यानं पाडलेली दोन नाणी कधीच तंतोतंत सारखी नसतात : ठसा सरकतो, कड चिरते, कुठं ओरखडा असतो. त्यामुळं जुन्या लिलाव-सूचीतल्या छायाचित्राशी कड न् कड ताडून पाहता येते. श्लंबर्जेंच्या काळातली चित्रं मात्र हातानं रेखाटलेली. चित्रकारानं पुसट अक्षर भरून काढलं, की तुलनाच संपली. अमेरिकी संग्राहक जॉन स्लोकम यांचा क्रुसेडर नाण्यांचा संग्रह १९९७ मध्ये लंडनला सदबीजमध्ये विकला गेला. अशा विक्रीची छापील सूची म्हणजे पुढच्या मालकासाठी नाण्याचा दाखलाच. १९७८ च्या कायद्यानंतर इस्रायलमध्ये सापडलेला पुरावशेष सरकारजमा होतो. तिथून आलेल्या नाण्याच्या जुन्या पावतीला म्हणूनच आज इतकं वजन आहे.

आणि पावती असली, तरी नाणं जमिनीत कुणाच्या शेजारी पडलं होतं, हे ती सांगत नाही. इस्रायलच्या किनाऱ्यावरच्या सीझरिया इथं २०१८ मध्ये एका विहिरीच्या दगडांत काशाचं छोटं भांडं सापडलं : १८ फातिमी दिनार, ६ बायझंटाइन सुवर्णनाणी आणि कानातलं एक सोन्याचं आभूषण. ११०१ मध्ये क्रुसेडरांनी ते शहर घेतलं तेव्हा कुणीतरी ते लपवलं असावं, असं उत्खनन करणाऱ्यांनी मानलं. तीच चोवीस नाणी सुटी होऊन बाजारात आली असती, तर त्यांतला प्रत्येक दिनार नुसता फातिमी दिनार ठरला असता.