मारबतीचा काळा रंग

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी नि पिवळी मारबत निघते, हे आपण जाणताच. एटापल्लीच्या शाळेतही कागदी मारबत करता येईल. शाई विकत कशाला? हिरडा जंगलात आहेच. वाळके हिरडे कुटून लोखंडी कढईत उकळावेत, गंजके खिळे टाकून रात्रभर ठेवावे. हिरड्यातला तुरट अंश लोखंडाशी मिळून काळाभोर होतो. पुठ्ठ्यात डोळे-दात कोरून साचा करावा, चिंधीच्या बोळ्याने शाई टिपावी. बोळा मात्र पिळून घ्या, नाहीतर शाई कडेखाली पसरते. भेंडी आडवी कापली की पाचकोनी ठसा तयार!

सोंग कितीही भेसूर होऊ द्या, पण त्याला गावातल्या कुणा बाईचे नाव पोरांना देऊ देऊ नका. करणीचा आळ घेऊन कुणाला छळणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.