कवटीचा तळ आणि नाकाची वाट

मेंदू ज्यावर टेकतो तो कवटीचा तळ सपाट नसतो. डोंगरउतारावरील शेताप्रमाणे त्याच्या तीन पायऱ्या असतात : पुढची उंच, मधली खोल, मागची सर्वांत खोल. मागच्या पायरीतील मोठ्या छिद्रातून मज्जारज्जू पाठीत उतरतो.

मधल्या पायरीच्या मध्यावर खोगिरासारखा खळगा आहे. त्यात वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी बसते. तिच्यावर डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. दोहों बाजूंस मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या असतात. म्हणून येथे गाठ वाढली की समोरचे दिसते, पण कडेने येणारी गाडी दिसत नाही. काहींचे हातपाय वाढतात. अंगठी व चप्पल घट्ट होते. अशी लक्षणे वयावर ढकलू नयेत.

मेंदू बाजूला सारून तेथे पोहोचणे जोखमीचे. परंतु खळग्याच्या खालीच नाकामागची हवेची पोकळी आहे. १९०७ साली इन्सब्रुक येथे हेर्मान श्लोफर यांनी या वाटेने प्रथम गाठ काढली. त्यासाठी नाक बाजूस उलटवावे लागले. १९१० साली व्हिएन्नाचे ऑस्कर हिर्श नाकपुडीतूनच गेले. आज दुर्बिणीमुळे चेहऱ्यावर व्रणही राहत नाही.

एक गोष्ट घरोघरी ठाऊक हवी. माडावरून वा गाडीवरून पडलेल्याच्या नाकाकानांतून पाण्यासारखा स्राव आला, किंवा डोळ्यांभोवती अगर कानामागे काळेनिळे झाले, तर तळाचे हाड मोडले असण्याचा संभव असतो. नाकात कापूस कोंबू नये, नाक शिंकरू देऊ नये. मान न हलवता त्याला तात्काळ इस्पितळात न्यावे.