वय किती, की बळ किती? : वार्धक्यातील फुफ्फुसाचा कर्करोग आणि शस्त्रक्रिया

लहान मुलांच्या डॉक्टरने वृद्धांच्या कर्करोगावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या इंदूरच्या मराठी कुटुंबांत बालरोगतज्ज्ञ हा पाहता पाहता सबंध घराचा डॉक्टर होऊन बसतो. ज्यांना मी गोवराची लस टोचली ते आज आपली मुले घेऊन येतात आणि नातवाच्या फाइलीबरोबर आजोबांचा सीटी स्कॅनही माझ्या टेबलावर ठेवतात. "शस्त्रक्रिया करा म्हणतात, पण या वयात सोसेल का?" हा त्यांचा प्रश्न असतो. शस्त्रक्रिया हे माझे क्षेत्र नव्हे. तथापि, हा प्रश्न वारंवार समोर आल्याने जे वाचले आणि शल्यविशारद स्नेह्यांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहे.

आधी रोगाची अवस्था

शस्त्रक्रियेचा खरा लाभ रोग फुफ्फुसापुरता मर्यादित असतानाच होतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीसाठी जमवलेल्या माहितीत एक सेंटिमीटर किंवा त्याहून लहान गाठ असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९२ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. '३ ए' अवस्थेत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर उतरते. म्हणजेच 'वय झाले' यापेक्षा 'उशीर झाला' हेच अधिक घातक ठरते.

हा उशीर आपल्या देशात एका विशिष्ट कारणाने होतो. एक्स-रेवर डाग दिसला की क्षयाची आठवण प्रथम येते. थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही औषधे सुरू होतात आणि काही महिने तसेच निघून जातात. विडी-सिगारेटचे व्यसन असलेल्या वृद्धाच्या छातीतील डाग उपचारांनंतरही हटत नसेल, तर सीटी स्कॅन आणि तुकडा तपासणी लांबवू नये. क्षयाची गाठही पेट स्कॅनमध्ये चमकते. म्हणून केवळ त्या चित्रावरून कर्करोगाचा शिक्का मारणेही योग्य नाही.

कमीत कमी कापण्याकडे वाटचाल

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस येथे डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एका बाजूचे संपूर्ण फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढले. त्यांचा रुग्णही डॉक्टरच होता. जेम्स गिलमोर हे ४८ वर्षांचे स्त्रीरोगतज्ज्ञ त्यानंतर सुमारे तीस वर्षे जगले. दैवदुर्विलास असा की धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास १९५० साली प्रसिद्ध करणारे ग्रॅहम स्वतः १९५७ साली याच रोगाने गेले.

पुढे संपूर्ण फुफ्फुसाऐवजी एकच खंड, म्हणजे लोब, काढण्याची पद्धत रुळली. १९९५ साली अमेरिकेतील एका तुलनात्मक चाचणीने दाखवले की त्याहून कमी भाग काढल्यास रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे लोबेक्टॉमी हाच नियम ठरला. पण वृद्धांनाही तो तसाच लागू पडतो का? २००५ साली अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीतील १४,५५५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७१ वर्षांपुढे, खंड काढलेल्या आणि केवळ छोटा तुकडा काढलेल्या रुग्णांच्या आयुर्मानात फरक उरला नव्हता.

२०२२ साली जपानमधील १,१०६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, फुफ्फुसाच्या बाहेरील भागातील गाठींसाठी संपूर्ण खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के, तर केवळ उपखंड काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. उपखंड काढलेल्यांत रोग त्याच ठिकाणी उलटण्याचे प्रमाण मात्र १०.५ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ते ५.४ टक्के. रोग अधिक उलटूनही माणसे अधिक जगली, हे कसे? खंड काढलेल्या गटात इतर आजारांनी ५२ मृत्यू झाले, तर उपखंड काढलेल्या गटात २७. वाचवलेले फुफ्फुस पुढच्या दुखण्यांत कामी आले असावे, असा एक अर्थ त्यातून निघतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ६९७ रुग्णांच्या चाचणीतही कमी भाग काढणे उणे ठरले नाही. या दोन्ही चाचण्या लहान गाठींपुरत्याच आहेत, हे मात्र विसरू नये.

वय आणि धोका

वयाबरोबर धोका वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या २,२२० शस्त्रक्रियांच्या आढाव्यात तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण साठीच्या आत १.३ टक्के, ६० ते ६९ या वयात ४.१ टक्के आणि सत्तरीनंतर ७.१ टक्के होते. पण त्याच आढाव्यात संपूर्ण फुफ्फुस काढल्यास ६.२ टक्के, खंड काढल्यास २.९ टक्के आणि त्याहून कमी काढल्यास १.४ टक्के मृत्यू आढळले. म्हणजे रुग्णाचे वय किती याइतकेच काय आणि किती काढले, हेही निर्णायक होते. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत भूलशास्त्र, वेदनाशमन आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांत मोठी प्रगती झाली. ब्रिटनमधील ५०३ रुग्णांच्या चाचणीत दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेले रुग्ण पाच आठवड्यांनंतर हालचालीत सरस आढळले.

येथे बालरोगशास्त्राची एक सवय उपयोगी पडावी. आम्ही बाळाचा विचार केवळ जन्मतारखेवरून करीत नाही; ते किती आठवड्यांचे जन्मले, वजन किती, हाडांचे वय किती, हे पाहतो. दहा वर्षांच्या दोन मुलांची हाडे दोन निराळी वये सांगू शकतात. सत्याहत्तर वर्षांच्या दोन वृद्धांचेही तसेच आहे. एक रोज पहाटे नेहरू पार्कात चार फेऱ्या मारतो, दुसऱ्याला अंगणापर्यंत जाताना धाप लागते. फुफ्फुसांची क्षमता पंचविशीच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि पुढे निरोगी माणसातही एका सेकंदात जोराने सोडलेला श्वास दरवर्षी सुमारे २५ ते ३० मिलिलिटरने घटत जातो. धूम्रपान करणाऱ्यांपैकी अनेकांत ही घट बरीच वेगाने होते. शिल्लक किती, हे मोजावेच लागते.

ते मोजण्याची रीत सोपी आहे. उजव्या फुफ्फुसात १० आणि डाव्यात ९, असे एकूण १९ उपखंड मानतात. समजा, एखादे आजोबा एका सेकंदात १.८ लिटर हवा सोडू शकतात. उजवा वरचा खंड, म्हणजे ३ उपखंड, काढले तर १९ पैकी १६ उरतील आणि क्षमता सुमारे १.५ लिटर राहील. संपूर्ण उजवे फुफ्फुस काढले तर ती ०.८५ लिटरवर येईल. हा अंदाज, आणि वायूंच्या देवाणघेवाणीचा तसाच अंदाज, वयोमानानुसार अपेक्षित आकड्याच्या ६० टक्क्यांहून अधिक असेल तर धोका कमी समजतात. ३० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असल्यास रुग्णाला चालवून किंवा जिना चढवून पाहतात. त्यासाठीची उंची २२ मीटर आहे. रामबागेतल्या जुन्या घराचा एक जिना चढलो म्हणजे ती चाचणी झाली, असे नव्हे! ३० टक्क्यांखाली मात्र व्यायामातील प्राणवायूचा वापर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. याखेरीज हृदय, मूत्रपिंडे, पोषण, स्मरणशक्ती आणि घरातील आधार यांचीही पाहणी हवी.

'यश' कशाला म्हणावे?

आकडेवारीत यश म्हणजे तीस दिवस जिवंत राहणे. वृद्धांच्या बाबतीत निदान नव्वद दिवसांचा हिशेब पाहावा. न्यूमोनिया, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, फुफ्फुसातून हवेची गळती आणि रात्रीचा भ्रम या गुंतागुंती त्या काळात रुग्णाला खचवतात. शस्त्रक्रियेपूर्वी धूम्रपान बंद करणे, श्वसनाचे व्यायाम, नंतर लवकर उठवून चालवणे, चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच परत देणे, या साध्या गोष्टींचा मोठा उपयोग होतो.

एका निवृत्त शिक्षकांना घरच्यांनी रोगाचे नावच सांगितले नव्हते. अखेर सर्व काही कळल्यावर त्यांनी एकच विचारले, "नंतर मला माझे स्नान माझ्या हाताने करता येईल ना?" किती वर्षे जगेन, हे त्यांनी विचारले नाही. त्यांची श्वसनक्षमता फारच कमी होती; त्यांनी अचूक नेम साधणारी किरणोपचार पद्धती निवडली. ही पद्धत बहुधा तीन ते पाच बैठकांत पूर्ण होते आणि शस्त्रक्रिया न सोसणाऱ्यांसाठी आज ती उत्तम पर्याय आहे. दुसरे एखादे सशक्त आजोबा शस्त्रक्रिया निवडतील, आणि त्यांचाही निर्णय तितकाच योग्य असेल.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सात वर्षांवरील मुलाचीही स्वतःची तयारी विचारावी लागते. आम्ही बालरोगतज्ज्ञ ती विचारतो. ज्यांनी आयुष्यभर घर चालवले त्या वडीलधाऱ्यांना मात्र "बाबांना काही सांगू नका" म्हणून बाजूला बसवले जाते. हे प्रेमापोटी घडते, यात शंका नाही. परंतु त्यात त्यांचा हक्क हरवतो.

वैद्यकीय बंधुभगिनींना विनंती एवढीच की, केवळ वय पाहून 'आता काही नको' असे सांगू नये, आणि केवळ गाठ पाहून 'काढून टाकू' असेही म्हणू नये. कुटुंबीयांनी डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : रोग कोणत्या अवस्थेत आहे, किती भाग काढणार, आणि उरलेल्या फुफ्फुसावर यांना कसे जगता येईल? उत्तरे ऐकताना आजोबा किंवा आजी स्वतः त्या खोलीत असाव्यात.