समलिंगी पुरुषांमधील व्यसनाधीनता आणि मानसोपचार : स्वरूप, पद्धती व मर्यादा

प्रास्ताविक :

व्यसनाधीनता हा आजार आहे, दुर्गुण नव्हे, ही जाणीव महाराष्ट्रातील सुशिक्षित समाजात आता बऱ्यापैकी रुजली आहे. पुण्यातील मुक्तांगणसारख्या संस्थेने १९८६ पासून केलेल्या कार्याचा यात मोठा वाटा आहे. मात्र व्यसनी व्यक्ती समलिंगी असेल तर हीच जाणीव अनेकदा डळमळते. कुटुंबीय, कधी कधी समुपदेशकही, व्यसन आणि लैंगिक कल या दोन भिन्न बाबी एकच समजतात आणि दोहोंवर एकाच वेळी 'इलाज' व्हावा अशी अपेक्षा धरतात. या गोंधळाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. तो उपचार अर्धवट सोडतो किंवा उपचारकेंद्राची पायरीच चढत नाही. या पार्श्वभूमीवर समलिंगी पुरुषांच्या व्यसनमुक्तीसाठी कोणते मानसोपचार विकसित झाले, त्यांतून काय साधले आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समलैंगिकता आणि व्यसन : दोन स्वतंत्र बाबी

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकतेला मानसिक विकारांच्या यादीतून वगळले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तसाच निर्णय घेतला. त्यामुळे लैंगिक कल हा उपचाराचा विषय उरत नाही. मद्य अथवा अमली पदार्थांवरील अवलंबित्व हा मात्र उपचाराचा विषय निश्चितच आहे. असे असूनही अमेरिकेसह अनेक देशांतील पाहण्यांमध्ये समलिंगी व उभयलिंगी पुरुषांमध्ये काही अमली पदार्थांच्या सेवनाचे प्रमाण इतर पुरुषांपेक्षा अधिक आढळते. हे कसे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

या प्रश्नाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उत्तर इलान मेयर या अभ्यासकाने १९९५ व २००३ मधील लेखनातून मांडले. त्याला 'अल्पसंख्याकत्वाचा ताण' असे म्हणता येईल. या मांडणीनुसार ताणाचे दोन स्तर असतात. हेटाळणी, मारहाण, नोकरी जाणे, घराबाहेर काढले जाणे हा बाह्य स्तर होय. नकाराची सतत धास्ती, स्वतःची ओळख लपविण्याची धडपड आणि समाजाचा तिरस्कार स्वतःच्याच मनात मुरणे हा आंतरिक स्तर होय. अशा ताणावर मद्य किंवा अमली पदार्थ तात्पुरता उतारा ठरतात. म्हणजेच व्यसनाचा वाढीव धोका लैंगिक कलातून उद्भवत नाही. त्या कलाला समाजाकडून मिळणाऱ्या वागणुकीतून तो मोठ्या प्रमाणात उद्भवतो.

याला एक ऐतिहासिक कारणही जोडले पाहिजे. अमेरिकेतील शहरांमध्ये दीर्घकाळ समलिंगी पुरुषांना एकत्र येण्यासाठी मद्यालयाखेरीज फारशा जागाच नव्हत्या. २८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पोलिसी कारवाईविरुद्ध जो ऐतिहासिक उठाव झाला, तोही 'स्टोनवॉल इन' या मद्यालयातच. जेथे माणसाला प्रथम आपली माणसे भेटली, तेथेच व्यसनाचीही भेट झाली. त्यामुळे 'त्या जागी जाऊ नकोस, ती संगत सोड' हा व्यसनमुक्तीतील सर्वमान्य सल्ला येथे अपुरा पडतो. त्या सल्ल्याचे पालन म्हणजे एकमेव आधार गमावणे असते. पर्यायी सोबत उभी केल्याशिवाय हा सल्ला पाळला जात नाही.

प्रमुख उपचारपद्धती :

मद्याचे दीर्घकाळ व अतिसेवन करणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास झटके येणे, भ्रम होणे असे जीवघेणे परिणाम संभवतात. म्हणून पहिला टप्पा वैद्यकीय देखरेखीचा असतो. मानसोपचाराचे खरे काम त्यानंतर सुरू होते.

(१) प्रेरणावर्धक संवाद : विल्यम मिलर व स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत उपदेश वर्ज्य असतो. व्यसन सोडावे आणि सोडू नये, या रुग्णाच्या मनातील दोन्ही बाजू त्याच्याच तोंडून वदवून घेतल्या जातात. आयुष्यभर उपदेश ऐकलेल्या व्यक्तीशी संबंध जुळविण्यास ही पद्धती विशेष उपयुक्त ठरते.

(२) बोधात्मक-वर्तन उपचार : यात सेवनापूर्वीच्या घटनांची साखळी तपासली जाते. समजा, एका तरुणाला दर रविवारी घरून लग्नाविषयी विचारणा करणारा दूरध्वनी येतो. तो काहीतरी खोटे सांगून वेळ मारून नेतो. मग 'आपण सर्वांना फसवीत आहोत' असा विचार बळावतो आणि रात्री बाटली उघडली जाते. समुपदेशकाने केवळ बाटलीचा विचार केल्यास साखळीची आधीची कडी तशीच राहते. त्या दूरध्वनीला काय उत्तर द्यावे, त्यानंतरचे दोन तास कोणासोबत घालवावेत, 'फसवणूक' हा शब्द येथे कितपत योग्य आहे, या सर्वांची तयारी करून घ्यावी लागते. जॉन पाचान्किस व सहकाऱ्यांनी अशा ताणाला केंद्रस्थानी ठेवून दहा सत्रांचा कार्यक्रम आखला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६३ तरुणांवरील चाचणीत मद्यसेवनाच्या समस्या व नैराश्य या दोहोंत घट आढळली. नमुना लहान असल्याने हा निष्कर्ष आश्वासक परंतु प्राथमिक मानावा लागतो.

(३) प्रोत्साहनाधारित उपचार : लघवीच्या तपासणीत अमली पदार्थ न आढळल्यास रुग्णाला ठरावीक मूल्याची कुपने दिली जातात. सलग यशाबरोबर मूल्य वाढते आणि खंड पडल्यास ते पुन्हा आरंभीच्या पातळीवर येते.

(४) स्वमदत गट : अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमध्ये स्वतःच्या वर्तनाचा नैतिक आढावा घेणे अपेक्षित असते. येथे एक सूक्ष्म भेद जपावा लागतो. व्यसनापायी घेतलेले पैसे, मोडलेली वचने यांबद्दलचा अपराधभाव माणसाला भरपाईकडे नेतो. आपण जे आहोत त्याचीच वाटणारी लाज मात्र त्याला पुन्हा व्यसनाकडे नेते. पिणे लपविण्यासाठी सांगितलेले खोटे आणि स्वतःच्या संरक्षणासाठी पाळलेले मौन यांची गणना एकाच यादीत करता येत नाही.

लॉस एंजेलिस येथील अभ्यास :

स्टीव्हन शॉपटॉ, कॅथी रीबॅक व सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस येथे केलेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात मैलाचा दगड मानला जातो. मेथॅम्फेटामाइनवर अवलंबून असलेल्या १६२ समलिंगी व उभयलिंगी पुरुषांची चार गटांत विभागणी करण्यात आली. सर्वसाधारण बोधात्मक-वर्तन उपचार, प्रोत्साहनाधारित उपचार, दोहोंचा संयोग आणि समलिंगी पुरुषांच्या जीवनानुभवाशी जुळवून घेतलेला बोधात्मक-वर्तन उपचार असे हे चार गट होते. उपचार १६ आठवडे चालले.

उपचारकाळात प्रोत्साहनाचा समावेश असलेल्या गटांतील रुग्ण अधिक काळ टिकले व अधिक काळ सलग व्यसनमुक्त राहिले. समलिंगी जीवनानुभवाशी जुळवलेल्या उपचारगटात पहिल्या चार आठवड्यांत असुरक्षित लैंगिक संबंधांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. एचआयव्ही प्रतिबंधाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे होते. वर्षभराच्या पाठपुराव्यात मात्र चारही गटांतील सुधारणा टिकून राहिली व गटांमधील तफावत ओसरली.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. केवळ सहानुभूतीची भाषा वापरल्याने व्यसन सुटत नाही, तर सिद्ध तंत्राची जोड आवश्यक असते. दुसरे असे की, वरील चारही गटांत रुग्णाला आपला लैंगिक कल लपवावा लागत नव्हता. प्रत्येक गटाला लाभ झाला, हे या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे. मेथॅम्फेटामाइनच्या व्यसनावर अमेरिकेत अद्याप एकही औषध मान्यताप्राप्त नसल्याने मानसोपचारांचे महत्त्व अधिकच वाढते. कॅलिफोर्निया राज्याने २०२३ पासून प्रोत्साहनाधारित उपचाराचा समावेश अल्प उत्पन्न गटासाठीच्या शासकीय आरोग्ययोजनेत केला आहे.

भारतीय संदर्भ व मर्यादा :

अमेरिकेतील निष्कर्ष भारतात जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. आपल्याकडील व्यसनमुक्ती केंद्रे कुटुंबाच्या सहभागावर मोठ्या प्रमाणात विसंबून असतात आणि ती त्यांची शक्तीही आहे. परंतु ज्याच्या घरी काहीच ठाऊक नाही, अशा रुग्णासाठी कुटुंबसभा हाच सर्वांत धोक्याचा प्रसंग ठरू शकतो. रुग्णाच्या संमतीविना त्याचा लैंगिक कल कुटुंबीयांना सांगणे हा गोपनीयतेचा भंग होय. व्यसनाविषयी कुटुंबाशी बोलता येते, परंतु उर्वरित बाब कोणाला, केव्हा सांगावी हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाचाच असतो.

कायद्याची चौकट आता या भूमिकेला अनुकूल आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा अंतर्भाव मानसिक आजाराच्या व्याख्येत केला, लैंगिक कलाच्या आधारे उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आणि गोपनीयतेचा हक्क मान्य केला. लैंगिक कल बदलण्याचा दावा करणारे तथाकथित उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहेत. अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ नुसार स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला विशिष्ट अटींवर खटल्यापासून संरक्षणही मिळते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, समलिंगी पुरुषांसाठी व्यसनमुक्तीचे कोणतेही अद्भुत वेगळे शास्त्र नाही. इतरांना उपयोगी पडणारी तंत्रेच त्यांनाही उपयोगी पडतात. फक्त ती तंत्रे रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला खरे बोलता येईल असे वातावरण लागते. महाविद्यालयात अशा विद्यार्थ्याची गाठ बहुधा प्रथम प्राध्यापकाशी पडते. त्या वेळी उपचार करणे हे प्राध्यापकाचे काम नव्हे. व्यसनाची दखल घेणे, लैंगिक कलावर भाष्य न करणे, ऐकलेले स्वतःपाशी ठेवणे आणि योग्य तज्ज्ञाकडे पाठविणे एवढे त्याला निश्चित करता येते. विद्यार्थी पुढे तज्ज्ञापर्यंत पोहोचतो की नाही, हे पुष्कळदा या पहिल्या भेटीवरच ठरते.