वरातीमागून आलेली लस

डाव्या दंडावरचा तो बारीक, गोल वण आपण विसरूनही गेलेलो असतो. बीसीजीचा. जन्मल्या जन्मल्या क्षयासाठी टोचलेली हीच लस साठीनंतर मूत्राशयाच्या कॅन्सरवर औषध म्हणून समोर आली, तर रुग्ण डॉक्टरांकडे बघतच राहतो. रोग झाल्यावर लस? हे तर वरातीमागून घोडं!

पण हे घोडं चाललं. १९७६ साली कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयात थेट बीसीजी सोडण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्याला एक, असे सहा डोस. सहाच का? तर त्यांना मिळालेल्या खोक्यात सहा बाटल्या होत्या म्हणून! आजही सुरुवात सहा डोसांनीच होते. वैद्यकशास्त्रातल्या सगळ्याच आकड्यांमागे गहन गणित असतं असं नाही.

इथे सुई नाही. आधी दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात. जखम भरली की कॅथेटरमधून लस आत सोडायची आणि दोन तास लघवी रोखून धरायची. लशीतले जंतू दुबळे असले तरी जिवंत असतात. त्यामुळे त्या दिवशी लघवीनंतर कमोडमध्ये ब्लीच ओतून थोड्या वेळाने पाणी सोडायला सांगतात. जळजळ होते, कणकण येते. कारण आत प्रतिकारशक्तीच्या पेशींची झुंबड उडालेली असते आणि त्या झुंबडीत उरल्यासुरल्या कॅन्सरपेशीही मारल्या जातात. खोलवर स्नायूत शिरलेल्या कॅन्सरला मात्र हा उपाय पुरत नाही. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट मूत्राशयाच्या कॅन्सरसाठीही बीसीजी बनवते.

काटेकोर मंडळी म्हणतील, ही कॅन्सरची लस नव्हेच. ही नुसती आरडाओरड करून पहारेकऱ्यांना जागं करते, चोराचा चेहरा दाखवत नाही. बरोबर आहे. चेहरा दाखवणारी प्रोव्हेंज ही लस प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २०१० साली मंजूर झाली. तेव्हाची किंमत ९३ हजार डॉलर, वाढलेलं आयुष्य सरासरी चारेक महिने.

आता आशा एमआरएनए लशींवर आहे. मॉडर्ना आणि मर्क यांच्या लशीत रुग्णाच्याच गाठीतले जास्तीत जास्त ३४ जनुकीय बिघाड निवडून त्यांची ओळख प्रतिकारशक्तीच्या पेशींना करून देतात. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या १५७ रुग्णांवरच्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर नेहमीच्या इम्युनोथेरपीला तिची जोड दिल्यावर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. प्रत्येक बाटली एकाच माणसाच्या नावाची. शेजारच्या खाटेवरच्याला तिचा उपयोग शून्य.