मोठ्या आतड्याचा कर्करोग : उपचार आणि संशोधन

मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग बहुधा अस्तरावर वाढलेल्या लहान गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून, सुरू होतो. पॉलिपचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारण दहा वर्षे लागतात आणि रोग टाळण्याची खरी संधी याच काळात असते. कोलोनोस्कोपी करतानाच तारेचा फास आवळून पॉलिप मुळापासून कापता येतो. मात्र शौचातून रक्त गेले की मूळव्याध समजून घरगुती औषधे घेतली जातात आणि मोलाचे महिने वाया जातात.

या रोगाचे प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. असे प्रमाण मोजणारी मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून, तर बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे.

गुदाशयाभोवतीचे चरबीचे वेष्टन अखंड काढण्याची पद्धत ब्रिटिश शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडली; त्यामुळे रोग उलटण्याचे प्रमाण खूप घटले. २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने त्याहून विलक्षण निष्कर्ष प्रसिद्ध केला. डोस्टारलिमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे औषध पूर्ण घेतलेल्या पहिल्या १२ रुग्णांची गाठ शस्त्रक्रिया व किरणोपचारांविना नाहीशी झाली. डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या गाठींनाच ते असे लागू पडते आणि गुदाशयाच्या कर्करोगात अशा गाठी थोड्याच असतात. त्या ओळखण्यासाठी बायोप्सीच्या तुकड्यावर विशेष रंजन-तपासणी करतात. कसबा बावड्यातील डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयासारख्या जिल्ह्यांतील संस्थांमध्ये ती परवडणाऱ्या दरात होणे नव्या औषधाइतकेच निकडीचे आहे.