कार्ब्युरेटरवरची मारुती

नागपूरच्या दक्षिणेस, मानेवाड्याकडून येणाऱ्या रस्त्यावरील बेसा हे पूर्वी शेतीचे गाव होते. पुढे शेतांवर लेआउट पडले, मिहान या औद्योगिक प्रकल्पाच्या शेजारामुळे भूखंडांना मागणी आली आणि ग्रामपंचायतीची जागा बेसा-पिपळा नगरपंचायतीने घेतली. शहरातील भाड्याचे घर किंवा सरकारी क्वार्टर सोडून येथे स्वतःचे घर बांधणाऱ्या पिढीची पहिली चारचाकी बहुधा मारुती ८०० हीच होती, त्यामुळे नव्या उंच गाड्यांच्या शेजारी एमएच-३१ क्रमांकाची एखादी जुनी ८०० पोर्चमध्ये उभी दिसणे या वस्तीत अजून नवलाचे ठरत नाही. अशा गाडीविषयीची ओढ सहसा कौटुंबिक आठवणींनी समजावली जाते, रामटेकची सहल, लेकीची पाठवणी, पहिल्या पगाराच्या बचतीतून भरलेली नोंदणीची रक्कम इत्यादी. परंतु हे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण आठवणी प्रत्येक गाडीच्या असतात. ८०० चे वेगळेपण असे की ती मालकाला आणि मिस्त्रीला पूर्णपणे समजत असे, तिचा बिघाड कानाला, नाकाला आणि बोटांना कळत असे, आणि हे कळणे ज्या एका भागात सर्वाधिक एकवटले होते तो भाग म्हणजे तिचा कार्ब्युरेटर.

गाडीचा अधिकृत इतिहास सर्वपरिचित असल्याने तो थोडक्यात पुरेसा आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेली मारुती लिमिटेड ही खासगी कंपनी अयशस्वी ठरल्यानंतर १९८० मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले, फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड या सरकारी कंपनीची नोंदणी झाली, ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी करार होऊन तिला २६ टक्के भागभांडवल मिळाले, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगाव येथे इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली ग्राहकाला देण्यात आली. गाडीची किंमत ४७,५०० रुपये होती, १०,००० रुपये आगाऊ भरून लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवले होते आणि गाडी आधी कोणाला द्यायची हे सोडतीने ठरवावे लागले. त्यापूर्वी बाजारात प्रामुख्याने कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अॅम्बॅसॅडर होती, दोन्हींचा मूळ आराखडा पन्नाशी-साठीच्या दशकांतील. महाराष्ट्रात इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी स्वस्त गाडी स्वबळावर घडवून दाखवली होती, पण ती कारखान्याच्या उत्पादनापर्यंत पोहोचू शकली नाही. या कर्तबगारीची नोंद मारुतीच्या कोणत्याही इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

जपानमध्ये लहान गाड्यांचा ‘केई’ नावाचा एक कायदेशीर वर्ग आहे, ज्यात गाडीची लांबी, रुंदी आणि इंजिनाचे आकारमान यांवर मर्यादा घातलेली असते आणि त्या बदल्यात करात सवलत मिळते. सुझुकीने १९७९ मध्ये ४,७०,००० येन किमतीला विकायला काढलेली ‘आल्टो’ याच वर्गातील होती आणि तिच्याच घडणीवर पहिली मारुती बेतलेली होती. १९८६ मध्ये आल्टोच्या पुढच्या पिढीचे गोलसर रूप भारतात आले आणि तेच बहुतेकांच्या स्मरणात आहे. सव्वातीन मीटरहून जराशी लांब आणि सुमारे ६५० किलो वजनाच्या या गाडीत तीन सिलिंडरचे, ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढच्या बाजूस आडवे बसवलेले होते आणि ते पुढचीच चाके फिरवत असे, ज्यामुळे मधून जाणारा लांब दांडा वाचला आणि आत बसायला जागा मिळाली. बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या भोवती जमीन दिसत असे, पाना कोठूनही पोहोचत असे, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने ही मोकळीक हा या गाडीचा फार मोठा गुण होता.

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे उपकरण. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा मिळाली तर ज्वलन पूर्ण होते. हे प्रमाण आजच्या गाडीत संगणक आणि संवेदक सेकंदाला कित्येकदा मोजून राखतात, तर ८०० मध्ये ते काम हवेच्या ओढीवर आणि पितळी छिद्रांवर सोपवलेले होते. इंजिन हवा ओढते तेव्हा ती कार्ब्युरेटरच्या एका अरुंद गळ्यातून जाते, तेथे तिचा वेग वाढतो व दाब घटतो, आणि या घटलेल्या दाबामुळे शेजारच्या कप्प्यातील पेट्रोल एका बारीक छिद्रातून, ज्याला जेट म्हणतात, वर खेचले जाऊन फवाऱ्यासारखे हवेत मिसळते. कप्प्यातील पेट्रोलची पातळी, घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्याप्रमाणेच, तरंगणारा फ्लोट आणि त्याने उघड-बंद होणारी सुई सांभाळते. ८०० च्या कार्ब्युरेटरला असे दोन गळे होते, पहिला नेहमीच्या चालीसाठी आणि दुसरा अॅक्सिलरेटर खोलवर दाबल्यावर उघडणारा, आणि हा दुसरा गळा उघडताना गाडीने घेतलेली किंचित उसळी जुन्या चालकांच्या पायाला पाठ असते. या सगळ्या रचनेत विजेचा आणि मोजमापाचा वाटा नगण्य आहे. पदार्थविज्ञानाचा एक नियम आणि काही नेमक्या मापाची छिद्रे एवढ्यावर चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन दशकानुदशके चालत राहते, ही गोष्ट मनापासून कौतुक करावे अशीच आहे.

नागपूरचे हवामान या उपकरणाची दोन्ही टोकांनी परीक्षा घेते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, आणि मग डॅशबोर्डवरील चोकची कळ ओढावी लागते. तिने कार्ब्युरेटरच्या तोंडावरील झडप मिटून हवा कमी होते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. चोक किती ओढायचा आणि केव्हा आत ढकलायचा हे इंजिनाच्या आवाजावरून ठरवायचे असते, कारण तो विसरला तर प्लग काजळतात आणि गाडी मिसिंग मारू लागते. मे महिन्यात अडचण उलटी होते. पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना तापलेली गाडी थोडा वेळ बंद ठेवली की इंजिनाला लागून असलेल्या यांत्रिक पंपातील आणि नळीतील पेट्रोलचीच वाफ होते, पंपाला द्रवाऐवजी वाफ ढकलावी लागते आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे थांबण्याचा उपाय त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या मालकांना ठाऊक होता, आणि विदर्भात तर पाण्याची बाटली व फडके गाडीत ठेवणे हा उन्हाळ्याच्या तयारीचा भाग असे.

या दोन टोकांच्या मध्ये गाडी सुरळीत ठेवणारा माणूस म्हणजे कार्ब्युरेटर जाणणारा मिस्त्री. ट्यूनिंगची त्याची रीत अशी असते: इंजिन पूर्ण गरम होऊ द्यायचे, हवेची जाळी स्वच्छ असल्याची खात्री करायची, ‘स्लो’ म्हणजे गाडी उभी असतानाची चाल एका स्क्रूने ठरवायची, मग मिश्रणाचा स्क्रू इंजिन अडखळेपर्यंत हळूहळू आत फिरवायचा आणि आवाज एकसारखा होईपर्यंत पुन्हा बाहेर घ्यायचा. तीन सिलिंडरचे इंजिन मुळातच थोडे थरथरते, त्यामुळे त्याची स्वाभाविक थरथर आणि बिघाडाची थरथर यांतला फरक ओळखणे हे या कामाचे मर्म आहे, आणि ते अनेक वर्षे शेजारी उभे राहून ऐकल्यानेच साधते. शेवटी प्लग काढून त्याचे टोक पाहायचे. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर पेट्रोल कमी, आणि फिका विटकरी रंग असेल तर मिश्रण योग्य. जुन्या गाड्यांत त्याआधी डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची फट पातळ पोलादी पट्टीने तपासावी लागे, कारण ठिणगीची वेळ चुकीची असताना मिश्रण कितीही जुळवले तरी गाडी ओढत नाही. हे ज्ञान पुस्तकात लिहिलेले आहेच, परंतु स्क्रू कोणत्या क्षणी थांबवायचा ते पुस्तकाला सांगता येत नाही, आणि म्हणून अशा मिस्त्रीकडे मालक वर्षानुवर्षे जात राहतात, घर बदलले तरी.

कार्ब्युरेटरचा काळ कायद्याने संपवला. प्रदूषणाची नवी मानके लागू होऊ लागल्यावर २००० च्या सुमारास ८०० मध्ये इंजेक्शन पद्धत, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाखाली पेट्रोल फवारण्याची पद्धत, आली. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज चार मानके लागू झालेल्या १३ शहरांत, ज्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, ८०० ची विक्री थांबली, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादनही बंद झाले. तोपर्यंत २५ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या. हवेच्या दृष्टीने हे बदल योग्यच होते, कारण सैल झालेला कार्ब्युरेटर न जळलेले पेट्रोल बाहेर टाकतो. आज टिकून असलेली कार्ब्युरेटरची प्रत्येक ८०० म्हणजे साधारण पंचवीस वर्षांची किंवा त्याहून जुनी गाडी होय, आणि तिच्यापुढील अडचणी आता एकेकट्या येत नाहीत.

पहिली अडचण नोंदणीची आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती नव्याने करावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. त्यात राज्याचा पर्यावरण कर आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना बंधनकारक झालेली उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी यांचा खर्च मिळवला तर तो अनेकदा गाडीला येणाऱ्या किमतीच्या जवळपास पोहोचतो, आणि पेन्शनवर जगणारा मालक भंगाराचा विचार करू लागतो.

दुसरी अडचण टाकीतील इंधनाची आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या एका भागाला वजनाने सुमारे ९ भागच हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला हे मिश्र इंधन जास्त लागते. संगणक असलेली गाडी ते आपोआप वाढवते, पण कार्ब्युरेटरच्या जेटचे छिद्र ठरलेले असल्याने मिश्रण पातळ होते, चढावर गाडी ओढत नाही आणि थंडीत चोक अधिक वेळ लागतो. यावर जाणता मिस्त्री एक माप मोठा जेट बसवतो आणि प्लगचा रंग पुन्हा पाहतो. रबराचा प्रश्न मात्र स्क्रूने सुटणारा नाही. इंजिनाजवळच्या पंपातील पडदा, फ्लोटच्या सुईचे टोक, गॅस्केट आणि पेट्रोलच्या नळ्या शुद्ध पेट्रोल गृहीत धरून बनवलेल्या होत्या. इथेनॉलमुळे त्या फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. इथेनॉल हवेतील पाणीही शोषते, त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेल्या गाडीत टाकीच्या तळाशी पाणी आणि कार्ब्युरेटरच्या कप्प्यात पांढरा क्षार सापडतो. फुटलेल्या नळीतून गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे हा थेट आगीचा धोका आहे, म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या आणि दुरुस्ती-संच बसवणे हा अशा प्रत्येक गाडीवरचा पहिला खर्च असायला हवा, रंगकाम आणि सीट-कव्हर नंतर.

तिसरी अडचण माणसांची आहे. १९८० च्या दशकाअखेरीस पंधरा-सोळा वर्षांचा असताना गॅरेजात लागलेला मुलगा आज पन्नाशीच्या पुढे आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्याला जी गाडी उद्या दुरुस्त करायची आहे तिच्यात संगणकाला स्कॅनर जोडून दोषाचा क्रमांक वाचायचा असतो, आणि त्याने तेच आधी शिकणे रास्त आहे; परंतु त्यामुळे मिश्रणाचा स्क्रू हाताला येण्याची संधी त्याला मिळत नाही.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या क्रमांकाने नोंदवता येते. १९८३ ची मारुती त्या पात्रतेला २०३३ मध्ये पोहोचेल आणि १९९९ ची २०४९ मध्ये. तोवर ती केवळ जुनी गाडी आहे, जिला वारशाचे संरक्षण नाही आणि बाजारात मोलही नाही. मधल्या वर्षांत ज्यांना ती चालती ठेवायची आहे त्यांनी आपल्या मिस्त्रीकडून निदान काही गोष्टी लिहून घ्याव्यात: कार्ब्युरेटरमध्ये सध्या कोणत्या क्रमांकाचे जेट आहेत, इथेनॉलसाठी त्यांत काय बदल केला, फ्लोटची पातळी किती ठेवली, मिश्रणाचा स्क्रू पूर्ण बंद स्थितीपासून किती फेरे बाहेर आहे, आणि मे व डिसेंबर या दोन महिन्यांत त्यात किती फरक करावा लागतो. कंपनीच्या मॅन्युअलमधील आकडे जुन्या पेट्रोलचे आहेत. आजच्या पेट्रोलचे, नागपूरच्या हवेतले आकडे फक्त या मिस्त्रींजवळ आहेत.